आपसूक

गेल्या वर्षी श्रावण लागला तोच शुक्रवारी. आदल्या दिवशी दिव्यांची अवस. आईनं सकाळीच समया-निरांजनं चिंचेनं घासून लखलखीत केली होती. संध्याकाळी कणकेचे दिवे उकडायला ठेवता ठेवता ती म्हणाली, "उद्या जिवतीला आघाडा आणशील ना गं? दुर्वा आहेत कुंडीत." मी बिनघोर हो म्हटलं, कारण आघाडा कुठे आहे ते मला पक्कं ठाऊक होतं. आमच्या सोसायटीच्या मागच्या अंगाला जनरेटरची खोली आहे. ती आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये हातभर रुंदीची एक चिंचोळी पट्टी आहे. पेव्हर ब्लॉक बसवणाऱ्यांचं तिच्याकडे लक्षच गेलं नसावं, किंवा ब्लॉक संपले असावेत. काही का असेना, तिथली माती उघडी राहिली. पहिल्या पावसानंतर तिथे एक आघाडा उगवला आणि जुलैच्या मध्यापर्यंत गुडघ्याला लागला. कचऱ्याची बादली ठेवायला गेले की मी त्याच्याकडे एक नजर टाकायची आणि मनात हिशेब करायची, जिवतीच्या माळेला पुरेल एवढा झालाय.

कात्री घेऊन खाली गेले, तर पट्टी साफ. नुसती ओली माती, वर खराट्याच्या रेघा. माळीकाका पाइप गुंडाळत होते. "काका, इथला आघाडा?" ते जरा गोंधळले. "आघाडा होय! मी म्हटलं तणच की. परवाच उपटलं सगळं. ग्रुपवर ठरलं होतं म्हणाले सेक्रेटरीसाहेब." मी तिथेच उभ्या उभ्या मोबाइल काढला. मेसेज होता खरा. मागील बाजूस तण वाढले आहे, डास होतात, माळ्यास सांगून काढून घेत आहोत. खाली सतरा जणांचे अंगठे.

त्यात एक माझा होता.

आठवून पाहिलं तर बहुतेक कुकरची शिट्टी मोजताना दिला असेल. तण म्हणजे माझ्या डोक्यात 'ते दुसरं' असणार. मी ज्याच्यावर टपून बसले होते तेही तणच आहे, हे मला त्या क्षणी सुचलं नाही.

शुक्रवारी सकाळी सहाला मंडईत गेले. श्रावणातल्या शुक्रवारची मंडई नाकानंच ओळखावी. ओल्या गोणपाटाचा वास, केवड्याचा एक तीव्र झोत, खाली तुडवलेल्या कोथिंबिरीचा वास आणि या सगळ्याच्या वर ओल्या गवताचा. बाहेरच्या पायरीवर एक मावशी बसल्या होत्या. पुढ्यात दुर्वांच्या जुड्या, बेल आणि आघाडा, सुताच्या दोऱ्यानं बांधलेला. जुडीला वीस रुपये. मी तीन घेतल्या. कुठून आणता म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "पौडाच्या पल्याडनं." मग माझ्याकडे न बघता पुढची जुडी बांधत म्हणाल्या, "माझी सासू कोथरूडातनंच न्यायची काढून. टेकडीच्या खालनं. आता रानच लांब गेलं." मी कोथरूडातच वाढले असं त्यांना सांगावंसं वाटलं, पण मागे गिऱ्हाईक उभं होतं.

रान लांब गेलं. घरी येईपर्यंत हे शब्द डोक्यात फिरत राहिले. कारण आमच्या लहानपणी जे होतं त्याला आम्ही कुणी रान म्हणत नव्हतो. आम्ही त्याला 'पडीक' म्हणायचो. सत्तरच्या दशकाच्या शेवटी वडिलांनी कोथरूडला जागा घेतली तेव्हा पेठेतल्या आत्याबाई हवापालटाला आल्यासारख्या आमच्याकडे येत. घरामागे चार-पाच प्लॉट मोकळे होते. मालक कुठे मुंबईला, कुठे परदेशात. त्यापलीकडे ओढा आणि त्यापलीकडे म्हातोबाची टेकडी. त्या पडीक प्लॉटांत कुणी काही लावलं नव्हतं. उकिरड्याच्या कडेला धोतरा, दगडांच्या ढिगात रुई, ओढ्याच्या ओलीला माका, वाटेच्या दोन्ही अंगांना आघाडा. काटेरी डोरली, जिच्या जांभळ्या फुलाला हात लावायला जावं तर पानातल्या काट्यानं रक्त काढावं. कोरड्या माळावर जमिनीला चिकटून विष्णुक्रांता, शर्टाच्या बटणापेक्षाही लहान निळं फूल. पावसाच्या तोंडाला टाकळा, मग केना, मग कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे. हिवाळ्यात तरवडाचा पिवळा रंग. आणि सगळीकडे गवत.

गणपतीच्या आदल्या दिवशी आम्हा पोरांना पत्री आणायला पिटाळत. एकवीस पत्रींची यादी आजीला पाठ होती. आम्ही तासाभरात निम्मी यादी गोळा करून यायचो. बेल आणि शमी ओळखीच्या बंगल्यात मागायची, डाळिंब-तुळस-जाई आपल्या अंगणातली. देवदार पुण्यात कुठून मिळणार? तिथे आधीपासूनच काहीबाही चालवून घेतलं जात असे. देवही कधी तक्रार करत नसे. आता पन्नाशी ओलांडल्यावर ती यादी पुन्हा नजरेखालून घातली आणि एक गोष्ट पहिल्यांदाच जाणवली. आघाडा, माका, धोतरा, रुई, डोरली, विष्णुक्रांता, दुर्वा. यांतलं काहीही घनदाट अरण्यातलं नाही. हे सगळं बांधावरचं, उकिरड्याचं, ओढ्याकाठचं, माणूस आणि गुरं जिथून जा-ये करतात तिथलं. माणसाच्या आगेमागे राहणारी, पण त्यानं न लावलेली झाडं. ज्यानं कुणी ही यादी केली त्यानं देवासाठी जंगल गाठलं नाही, बागेतही गेला नाही. तो घराबाहेर पडला आणि हाताला लागलं ते घेऊन आला. आज त्याच यादीची जुडी मंडईतून विकत आणावी लागते आणि त्यात शमी म्हणून सुबाभळीचा पाला निघतो.

शहर वाढलं की जंगल तुटतं, हे आपल्याला चौथीच्या निबंधापासून माहीत असतं. कोथरूडला जंगल नव्हतंच. गेलं ते पडीक. आणि पडीक जाण्याचं कुणाला वाईट कसं वाटावं? भाषेतच त्याची किंमत शून्य करून ठेवली आहे. झाड तोडलं की फोन करता येतो, 1975 पासून त्यासाठी कायदा आहे, वृक्ष प्राधिकरण आहे. आघाडा उपटला म्हणून कुणाला फोन करणार?

बरं, आकडा मोजायला गेलं तर शहरात झाडांच्या जाती कमी झाल्यात असंही नाही. उलट वाढल्यात. एका रविवारी हट्टानं मी आमच्या सोसायटीतली झाडं मोजायला निघाले. अरेका पाम, फॉक्सटेल पाम, पांढरा चाफा आणि गुलाबी चाफा, सोनेरी पानांचा डुरांटा, फायकसच्याच तीन तऱ्हा, अलामांडा, इक्झोरा, हेलिकोनिया, लॉनच्या कडेनं पसरलेली पिवळ्या फुलांची वेडेलिया. साठाच्या पुढे गेल्यावर मोजणं सोडलं. घरामागच्या त्या पडीकात कदाचित एवढ्या जाती नसतीलही. पण यातलं प्रत्येक झाड पावती फाडून आलेलं आहे. बरीचशी उरुळी कांचनच्या बाजूच्या रोपवाटिकांतून, काही थेट आंध्रातल्या कडियमहून ट्रकात उभी राहून आलेली. त्याच कडियमहून बंगळुरूला आणि हैदराबादलाही झाडं जातात. म्हणून मुलाच्या बंगळुरूच्या सोसायटीत गेले की मला बाग बघून गावी आल्यासारखं वाटत नाही, आणि परकंही वाटत नाही. विमानतळावर वाटतं तसं काहीतरी वाटतं.

आपसूक उगवलेलं एकही झाड आमच्याकडे नाही. ते जनरेटरमागचं एकुलतं एक होतं.

आपसूक उगवायलाही सोय लागते, हे मला फार उशिरा कळलं. आघाड्याचं बी घ्या. दिवाळीच्या सुमाराला त्याचा तुरा वाळतो, बिया उलट्या, टोक खाली करून दांड्याला चिकटून बसतात, आणि परकराचा घेर जवळून गेला की झटकन लटकतात. शाळेतून आल्यावर आम्ही पायरीवर बसून एकमेकींच्या परकरांचे आघाडे वेचायचो आणि तिथेच टाकायचो. शेरडं जायची, कुत्री जायची, मोळीवाल्या बाया जायच्या. त्याला त्याचं गाव पसरवायला कुणाच्या तरी अंगावर बसावं लागतं. आमच्या गेटवर आता शेळी येत नाही. कुत्री आहेत, पण ती पट्ट्यावर, ब्लॉकच्या रस्त्यावरून. आणि जे चुकून उगवेल ते तुरा धरायच्या आत उपटलं जातं. दर वर्षी बी धरण्याआधी कापलं तर किती वर्षं टिकेल कुणी?

कुसळीचं तर याहून भारी. नोव्हेंबरात त्या गवताच्या शेंड्याला काळपट तपकिरी केसांच्या वेण्या पडतात, एकमेकींत गुंतलेल्या. त्यातलं एक कुसळ सोडवून, थुंकी लावून तळहातावर ठेवायचं. क्षणभर काही होत नाही. मग ते हळूच वळवळतं, आणि घड्याळाच्या काट्यासारखं गोल फिरायला लागतं. आम्ही त्यावर पैजा लावायचो. त्याला ओल लागली की पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो. असं करत करत ते टोकदार बी स्वतःला मातीत खुपसून घेतं. मळसूत्र असतं तसं. काय डोकं लढवलंय! पण त्याला माती हवी. ब्लॉकवर पडलेलं कुसळ जन्मभर फिरत राहील.

टेकडीची गोष्ट वेगळी, आणि तिथेही माझा अंगठा आहेच. कॉलेजात एनएसएसला असताना, ऐंशीच्या दशकात, आम्ही 'उघड्या-बोडक्या टेकड्या हिरव्या करू या' म्हणत खड्डे खणले. लावलं काय, तर गिरिपुष्प. मध्य अमेरिकेतलं झाड, भराभर वाढतं, गुरं फारशी तोंड लावत नाहीत, पाण्याची फारशी कुरकुर नाही. खेड्यात त्याला उंदीरमारी म्हणतात. आम्हाला गिरिपुष्प हेच नाव सांगितलं होतं आणि ते किती गोड वाटलं होतं! फेब्रुवारीत त्याला फिक्या गुलाबी फुलांचा बहर येतो, आणि तो सुंदर दिसतो हे मी नाकारणार नाही. पण टेकडी बोडकी नव्हतीच. ती गवताची होती. मधून मधून सालई, मोई, काटेसावर, हिवर, आणि त्यांच्यामध्ये ऊन खाणारा मोकळा माळ. त्या माळाखाली कंद झोपलेले असत. वर्षातले आठ-नऊ महिने मेल्यासारखे, आणि वळवाची एक सर झाली की चार दिवसांत पांढऱ्या मुसळीची फुलं वर. अशा कंदाला उन्हाळ्यात पाणी नको असतं, डोक्यावर सावली नको असते, कुदळ तर नकोच असते. आम्ही तिन्ही दिलं. वर फोटोही काढला, तो अजून आईच्या कपाटात आहे. सगळ्यांच्या हातात टिकाव, चेहऱ्यावर पुण्य.

टेकड्यांना निदान वाली आहे. 1997 साली महापालिकेत 23 गावं आली, त्यांच्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं, म्हणजे 'बीडीपी'चं, सुमारे 978 हेक्टरांचं आरक्षण पडलं. त्यावर वर्षानुवर्षं भांडणं झाली, आणि ती भांडणारी माणसं पुण्यात आहेत हे आपलं नशीब. 2023 च्या एप्रिलमध्ये वेताळ टेकडीसाठी मोर्चा निघाला त्यात मीही गुडघेदुखी विसरून चालले. परत येताना रिक्षातून आमच्या गल्लीतला शेवटचा मोकळा प्लॉट पत्रे ठोकून बंद केलेला दिसला. त्याच्या कडेच्या वाघाटीच्या जाळीवरून मी आषाढी द्वादशीच्या भाजीसाठी एकदा चार वाघाटी आणली होती, हात ओरबाडून घेऊन. मोर्चात दिलेल्या घोषणा घशात असतानाच त्या पत्र्यांकडे बघितलं आणि काहीच म्हटलं नाही. प्लॉट ज्याचा त्याचा. मीही अशाच कुणाच्या तरी पडीकावर बांधलेल्या बिल्डिंगच्या चौथ्या मजल्यावर राहते.

आणि देशी-परदेशीचा सोवळेपणाही मला झेपत नाही. दसऱ्याला दाराला लावतो तो झेंडू मेक्सिकोकडचा. खरचटलं की आजी ज्याचा रस पिळायची ती एकदांडी, आमचा 'दगडी पाला', तीही अमेरिकेतलीच. चिंचेचं मूळ आफ्रिकेत सांगतात. आलं, रुजलं, आपलं झालं. तरीही सगळे पाहुणे सारखे नसतात. पुणं या बाबतीत नामांकित आहे. 1955 मध्ये भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचं पश्चिम विभागाचं कार्यालय पुण्यात सुरू झालं आणि त्याच सुमाराला गाजरगवताची नोंद झाली, तीही पुण्यातच. अमेरिकी गव्हाबरोबर ते आलं असं म्हणतात. काँग्रेस गवत म्हणतात ते हेच. पडीक जागेवर त्यानं जी बैठक मारली ती अजून सोडलेली नाही. त्याच पुण्यात इंजिनिअरिंग कॉलेजचे प्राचार्य राहिलेल्या थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा कोश केला, 1901 ते 1908 या काळात तो छापून आला. पूल आणि रस्ते शिकवणारा माणूस गवताची कुसळं भिंगाखाली धरून बसायचा, हे मला फार आवडतं. आज त्यांच्या कॉलेजातून बाहेर पडणारे आमच्यासारख्यांच्या सोसायट्यांचे नकाशे काढतात, त्यात हिरव्या गोलांना 'ट्री' एवढंच लिहिलेलं असतं.

आणि आता कॉसमॉस. सप्टेंबर सरला की टेकडीच्या उतारावर, बायपासच्या कडेला, जिकडेतिकडे केशरी-पिवळा. आमच्या ग्रुपवर 'पुण्याचं कास' म्हणून फोटो येतात, नव्वारी नेसून त्यात उभ्या राहिलेल्या मैत्रिणींचे. मी पहिल्यांदा लिहिणार होते की हे बागेतून पळालेलं मेक्सिकोकडचं झाड आहे आणि त्याच्याखाली तेरडा-कुर्डूला जागा उरत नाही. मग खोडलं. किती छान दिसत होत्या त्या. आणि खरं सांगायचं तर, पावती नसताना, कुणी बोलावलं नसताना, शहरात आपसूक येणारं आता तेच तेवढं आहे. ज्याला मी आपसूक म्हणून डोक्यावर घेते तो मान कॉसमॉसला आणि गाजरगवताला द्यायला माझा जीव होत नाही, हेही इथे कबूल करते.

त्या शुक्रवारी जिवतीची माळ झाली. आईनं दुर्वा, आघाडा, दुर्वा, आघाडा अशी गुंफली. बोटं वाकडी झालीत, पण माळ सरळ होती. पौडापलीकडच्या आघाड्याची पानं जरा लहान आणि राकट होती. तिनं एक पान उलटं करून बघितलं, अंगठ्यानं त्याची लव चाचपली. "कुठला गं हा?" म्हणाली. मी मंडईचं सांगितलं. "विकतचा आघाडा," ती म्हणाली, आणि हसली. मग बराच वेळ काही बोलली नाही. अंगठ्याची गोष्ट मी तिला सांगितली नाही.

दिवाळीनंतर एका सकाळी टेकडीवरून उतरले तेव्हा सलवारीच्या कडेला आघाडा चिकटला होता. नेहमी झटकते, त्या दिवशी नाही झटकला. तसाच घरी आणला, म्हणजे जनरेटरमागे आणला आणि खाली बसून एकेक बी सोडवून त्या पट्टीत टाकलं. कॅमेऱ्यात दिसत असणार. पन्नाशीपुढची बाई भिंतीआड उकिडवी बसून पायजम्याशी काय करतेय, असं वॉचमनला वाटलं असेल तर तो बिचारा काही बोलला नाही. आईला मात्र सांगितलं. तर ती म्हणाली, "तू पेरलास ना? मग तुझ्या त्या पामसारखाच झाला की तो." मला राग आला. दिवसभर उत्तर शोधत होते.

यंदा अधिक महिना आला, त्यामुळे श्रावण लांबलाय. ऑगस्ट अर्धा जाईल. पट्टीत जोडी-जोडीनं पानं धरणारं काहीतरी वर आलंय, चार बोटं उंच. आघाडाच असेल असं वाटतं. शेजारी दातेरी पानांची गाजरगवताची दोन रोपं आहेत, ती ओळखायला कुक साहेबांची गरज नाही. ती मी उपटणार आहे, म्हणते आहे, अजून उपटलेली नाहीत. परवा माळीकाकांनी न सांगता त्या कोवळ्या रोपाभोवती चार फुटक्या विटा लावल्या. आणि काल रात्री ग्रुपवर मेसेज आला: पावसाळापूर्व स्वच्छता, मागील पट्टीत कोबा करून घेण्याचे दर मागवले आहेत, हरकत असल्यास कळवावे. सकाळपर्यंत नऊ अंगठे पडलेत.

मी टाइप करतेय. 'त्या जागी' असं लिहिते आणि पुढे 'आघाडा आहे' की 'झाड आहे' ते ठरत नाही, म्हणून खोडते.